दाह : व्याधी की प्रतिकार?

जखमेभोवती दिसणारी लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार केल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविली. परंतु लक्षणे सांगितल्याने दाहाचे स्वरूप उलगडत नाही. दाह हा स्वतःच एक व्याधी आहे, की आघाताला शरीराने दिलेले उत्तर आहे, हा मूळ प्रश्न होय. आणि त्याच्या निर्णयावर रुग्णाचे हिताहित अवलंबून होते.

लंडनचा शल्यचिकित्सक जॉन हंटर याच्या १७९४ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाह हा रोग नसून इजेनंतर घडणारी हितकर क्रिया आहे, असे प्रतिपादन आढळते. तरीही पुढे पॅरिसमध्ये ब्रूसे (१७७२–१८३८) याने बहुतेक रोगांचे मूळ जठर व आतड्यांच्या दाहातच मानले. साहजिकच दाह शमविणे हाच उपचार ठरला, आणि आधीच क्षीण झालेल्या रुग्णांचे रक्त जळवा लावून काढले जाऊ लागले.

हा वाद केवळ तर्काने मिटण्याजोगा नव्हता. १८६७ साली यूलिउस कोनहाइम याने बेडकाच्या आतड्यांना धरून ठेवणारे पारदर्शक पटल सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळले. रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रवाह मंदावतो, पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भित्तीला चिकटतात आणि तीतून पार होऊन ऊतकांत उतरतात, असे त्याला दिसले. वाढलेल्या रक्ताने लाली व उष्णता, तर बाहेर झिरपलेल्या द्रवाने सूज येते, असा केल्ससच्या लक्षणांचा अर्थ आता लागू लागला.

परंतु या पेशी बाहेर कशासाठी पडतात? १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉव्ह याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटे टोचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला होता. या डिंभाला रक्तवाहिन्या नसतात. म्हणून परक्या वस्तूस गिळू पाहणाऱ्या पेशींचा प्रतिकार हेच दाहाचे सार होय, असा निष्कर्ष त्याने काढला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पाउल एर्लिख याच्यासमवेत मिळाले.

तथापि, यावरून दाह सर्वथा हितकर ठरत नाही. संधिवाताभ संधिशोथात हाच प्रतिकार स्वतःच्या सांध्यांवर उलटतो. ॲस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिनांच्या निर्मितीस अटकाव करते, हे जॉन व्हेन याने १९७१ साली दाखविले, तेव्हा दाह कोणत्या टप्प्यावर आवरता येतो हेही स्पष्ट झाले. ब्रूसेची चूक दाह शमविण्यात नव्हती. तो कशाचे उत्तर आहे हे न विचारता शमविण्यात होती.