तळटीप : सिंग यांची ‘बोली’

जॉन मिलिंग्टन सिंग (१८७१–१९०९) यांना ‘बोलीभाषेचे नाटककार’ म्हणून मोकळे होणे पुरेसे नाही. १८९८ ते १९०२ या काळात ते आयर्लंडच्या ॲरन बेटांवर वारंवार जाऊन राहिले, हे खरे. पण त्यांची पात्रे बोलतात ती इंग्रजी कोणत्याच खेड्यात जशीच्या तशी कानी पडत नसे. आयरिश वाक्यरचना इंग्रजीत मुरवून त्यांनी ती घडवली. म्हणून ती कृत्रिम, हा आक्षेप जुनाच आहे. मात्र रंगभूमीवरची कोणती भाषा घडवलेली नसते? शिवाय १९०७ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरात त्यांच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’वर प्रेक्षक खवळले, त्याला एका अंतर्वस्त्राचा उल्लेखही निमित्त झाला, निव्वळ नकली शब्द इतका झोंबत नाही. सिंग यांच्यानंतर, १९२३ साली, नाटककार शॉन ओ’केसी यांनी डब्लिनच्या चाळींतले बोलणे नाटकात आणले, तेही ॲबीच्याच रंगमंचावर.