दारुड्या वस्ताद आणि मामाचं गाव

मागच्या शनिवारी कन्येनं विचारलं, "बाबा, तू लहान असताना कुठला पिक्चर सगळ्यात जास्त वेळा बघितलास?" 'शोले' हे उत्तर तयार होतं, पण खरं सांगायचं तर ते खोटं ठरलं असतं. खरं उत्तर आहे 'ड्रंकन मास्टर'. हाँगकाँगचा, १९७८ सालचा, जॅकी चॅनचा. आणि तो मी पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत किंवा पुण्यात नव्हे, तर सांगलीजवळच्या मामाच्या गावी, १९८९ च्या गणपतीत, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर.

ज्यांचा जन्मच डीव्हीडीच्या जमान्यात झाला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग व्हीसीआर. घेणं कुणालाच परवडायचं नाही, मग मंडळं एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा सेट भाड्यानं आणत. क्रम ठरलेला. आधी एखादा देवाधर्माचा, म्हणजे म्हातारी माणसं खूश. मग हिंदी. आणि रात्री दीडच्या पुढे, निम्मं गाव पोत्यांवर कलंडलेलं असताना, 'मारामारीचा'. आम्ही पोरं त्याच्यासाठीच डोळ्याला पाणी लावून जागायचो.

आता गोष्ट अशी की त्या भागात मारामारीचा पिक्चर म्हणजे नुसती करमणूक नसते, तिथं परीक्षक बसलेले असतात. साताऱ्याहून सांगलीला निघालात की कऱ्हाडजवळ गोळेश्वर लागतं. ते खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं. पुढे पेठ नाक्यावरून वळून सांगलीकडे गेलं की कवठे पिरान, मारुती मानेंचं गाव. १९६२ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्णपदक, १९६४ ची हिंदकेसरी. अशा मुलखात तालमीत न गेलेला माणूस मिळेल, पण कुस्तीवर मत नसलेला मिळणार नाही.

त्या रात्री पहिल्या रांगेत, खाटेवर, गावच्या तालमीचे म्हातारे वस्ताद बसले होते. कान फुटलेले, मान बैलासारखी. इंग्रजी डबिंगमधला एक शब्द कुणाला कळत नव्हता. पण पाच मिनिटांत गोष्ट सगळ्यांना समजली, कारण ती आमचीच होती. बाप मोठा नामांकित, पोरगं उनाड. बाप पोराला सरळ करायला एका खडूस म्हाताऱ्याच्या ताब्यात देतो. म्हातारा पोराला उलटं टांगतो, आणि खालच्या बादलीतलं पाणी चिमुकल्या वाट्यांनी वर टांगलेल्या बादलीत भरायला लावतो.  पोरगं पळून जातं, बाहेर एका खऱ्या मारेकऱ्याकडून बेइज्जत होतं, आणि खाली मान घालून परत येतं.

"हां," वस्ताद म्हणाले, "हे बरोबर हाय. आधी पळालं पायजे. जो पळून परत येतो त्योच पट्ठा."

तोपर्यंत मी असं मानत होतो की पिक्चर आवडला की नाही एवढंच सांगायचं असतं. त्या रात्री कळलं की असंही मत असू शकतं.

पुढे मात्र वस्तादांचं बिनसलं. म्हातारा पोराला जो खास डाव शिकवतो तो झिंगलेल्या माणसाच्या चालीचा. डुलायचं, पडायचं, पडता पडता मारायचं. "ह्येला कुस्ती म्हणत्यात व्हय? दारू प्यालेला गडी पयल्या मिनटात चीतपट!" असं म्हणून वस्ताद धोतर झटकत उठले आणि घरी गेले. शेवटची लढत त्यांनी पाहिलीच नाही. (मला वाटतं घरी झोपले नसतील, पण ते जाऊ दे.)

तांत्रिकदृष्ट्या वस्ताद बरोबरच होते. चीनमध्ये 'दारुड्याची मुष्टी' नावाचा प्रकार खरोखर आहे, पण तो झिंगल्याच्या सोंगाचा आहे, पिण्याचा नाही. तोल गेल्यासारखं दाखवून समोरच्याला फसवायचं, त्यासाठी स्वतःचा तोल शंभर टक्के ताब्यात लागतो. डाव आठ चिनी सिद्धांच्या नावानं रचलेले. कुणी लंगडा, कुणी बासरीवाला, आणि आठांत एक बाई. सिनेमानं गंमत अशी केली की हीरो खरोखरच घोट घेतो आणि घोटागणिक भारी होत जातो.

गोष्ट कुणाची आहे तेही नंतर, नोकरी लागल्यावर, रात्रीच्या शिफ्टमध्ये वाचून कळलं. हा उनाड पोरगा म्हणजे वाँग फेइ-हुंग, १८४७ ते १९२५ या काळात दक्षिण चीनमध्ये होऊन गेलेला खराखुरा वैद्य आणि मल्ल. हाँगकाँगमध्ये १९४९ पासून क्वान तक-हिंग नावाचा नट या वाँगचं काम करत आला होता, सत्तरहून जास्त सिनेमांत. धीरगंभीर, नीतिमान, कधी आवाज न चढवणारा. आणि १९७८ मध्ये दिग्दर्शक युएन वू-पिंगनं त्याच महापुरुषाला चोंबडा, आगाऊ, बापाला टोप्या घालणारा पोरगा करून टाकलं. आपल्याकडे कुणी असं करून बघा! निषेधाचे मोर्चे आधी निघतील, ट्रेलर नंतर येईल.

जॅकीचंही तसंच. ब्रूस ली जुलै १९७३ मध्ये वारला आणि हाँगकाँगच्या निर्मात्यांना दुसरा ब्रूस ली हवा होता. लो वेइ या दिग्दर्शकानं जॅकीला तो साचा चढवून पाहिला. करारी चेहरा, सूडाची आग. पिक्चर आपटले. मग लो वेइनं त्याला एन्ग सी-युएन या निर्मात्याला दोन सिनेमांपुरतं उसनं दिलं. त्या दोनांतला दुसरा हा. इथे जॅकीला तोंड वेडंवाकडं करायची, मार खाऊन कळवळायची, पळून जायची मुभा मिळाली. लहानपणी दहा वर्षं तो पेकिंग ऑपेराच्या शाळेत राहिला होता, पहाटेपासून कसरती आणि चुकलं की छडी. पडद्यावर उलटं टांगून घेताना त्याला फार अभिनय करावा लागला नसणार. खडूस म्हाताऱ्याचं काम करणारे युएन सिउ-तिएन हे दिग्दर्शकाचे सख्खे वडील. पिक्चर आला आणि काही महिन्यांतच, १९७९ च्या सुरुवातीला, ते गेले. आणि हा वू-पिंग म्हणजे तोच, ज्यानं १९९९ मध्ये 'मेट्रिक्स'च्या मारामाऱ्या बसवल्या. आमच्या कंपनीत 'मेट्रिक्स'चं पोस्टर लावून बसलेल्या पोरांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. मला बरीच वर्षं प्रश्न पडायचा की भाषा कळत नसताना आमच्या गावाला हा सिनेमा इतका का भावला? ब्रूस ली सगळ्यांना माहीत होता, त्याच्या फोटोचे टीशर्ट जत्रेत मिळायचे, कराटेचे क्लास तालुक्यापर्यंत आले होते. पण ब्रूस लीबद्दल आदर होता, जॅकीवर जीव होता.

उत्तर मला सापडलं ते कवलापुरात. म्हणजे गावात जाऊन नव्हे, आठवणीत. सांगलीहून तासगावकडे जाताना कवलापूर लागतं. तिथले खाडे बंधू, लहू आणि अंकुश, जुळे. अख्खा महाराष्ट्र त्यांना काळू-बाळू म्हणून ओळखायचा. 'जहरी प्याला' या वगात हे दोघं हवालदार होऊन यायचे. एकासारखा एक दिसणारा, कोण काळू आणि कोण बाळू हेच कळायचं नाही, आणि त्या गोंधळावर तंबू डोक्यावर घेतला जायचा. तमाशातला सोंगाड्या करतो काय? वरिष्ठापुढे वाकतो, थरथरतो, मार खातो आणि शेवटी त्याच वरिष्ठाची फजिती करतो. जॅकी दुसरं काय करत होता? आमच्या लोकांनी एका बाजूला मारुती मानेंची कुस्ती पाहिली होती आणि दुसऱ्या बाजूला काळू-बाळूंचं सोंग. पण आखाड्यात कुणी हसत नाही आणि फडात कुणी खरा डाव टाकत नाही. दोन्ही एकाच अंगात पहिल्यांदा दिसलं ते या चिन्यात. माझं हे मत कुठल्या अभ्यासकाला पटेल की नाही माहीत नाही. गावातल्या माणसांना पटतं, मी विचारून बघितलंय.

आता मामाकडे येतो. टाळत होतो, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

मामा ऐन उमेदीत चांगला पैलवान होता. ढाक लावण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता असं आई सांगते (बहीणच ती, थोडं वजा करा). लग्न झालं, तालीम सुटली, खुराक सुटला, आणि दारू लागली. १९८९ च्या त्या रात्रीनंतर आम्हा भाचरांमध्ये मामाची लोकप्रियता कळसाला पोचली, कारण मामा डिट्टो तो म्हातारा करून दाखवायचा. संध्याकाळी अंगणात आला की डुलायचा, पडल्यासारखा करायचा, आणि अलगद आमच्यातल्या एकाला उचलून खांद्यावर घ्यायचा. आम्ही ओरडायचो, "मामा, अजून एकदा!" हसून पोट दुखायचं. मामी चुलीपुढून उठायची नाही.

मला वाटायचं मामीला विनोद कळत नाही. तरी पिक्चर तिनं आमच्याबरोबर शेवटपर्यंत पाहिला होता, बाकीच्या बायका निघून गेल्यावरसुद्धा. आणि तिचंही एक मत होतं, जे मी तेव्हा कानाआड केलं. पोरगं आठांतले सात डाव मन लावून शिकतं, आठवा बाईचा असतो म्हणून नाक मुरडतं आणि सोडून देतं. शेवटच्या लढतीत सात डाव संपतात, समोरचा मरत नाही, आणि मग त्याला तोच बाईचा डाव आठवेल तसा जुळवून करावा लागतो. कंबर हलवत, लाजत मुरडत तो त्या मारेकऱ्याला लोळवतो. सगळे हसत होते. मामी म्हणाली, "जे शिकला न्हाई त्येच कामाला आलं बगा."

मामा २००३ मध्ये गेला. लिव्हर. शेवटची दोन वर्षं डोलणं होतं, पण सोंग नव्हतं. आणि शेती, म्हशी, दोन पोरींची शिक्षणं, सोसायटीचं कर्ज हे सगळं कुणी निभावलं हे सांगायला नको. पुढच्या वर्षांत साताऱ्यात बायकांनी आडव्या बाटलीसाठी मतदान करून दुकानं बंद करायला लावली, तेव्हा मी पुण्यात बसून बातम्या वाचत होतो, आणि मला ते अंगण आठवायचं. "अजून एकदा" म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे असायचो.

पुढे जॅकीलाही ते खटकलं असावं. १९९४ च्या दुसऱ्या भागात वाँगचा बाप त्याला दारूला शिवू देत नाही. झिंगून भर रस्त्यात त्याची शोभा होते. आणि शेवटी पोलादाच्या कारखान्यात तो कारखान्यातलं विषारी अल्कोहोल पिऊन लढतो, जिंकतो, आणि मूळ हाँगकाँग प्रतीत त्याची किंमत म्हणून डोकं कामातून गेलेला दिसतो. अमेरिकेत २००० मध्ये हा सिनेमा लागला तेव्हा तो शेवटचा प्रसंग कापला. प्रेक्षकांचा मूड जाईल म्हणून असेल.

असो. तर कन्येला पिक्चर दाखवायचा म्हणून आम्ही मागच्या आठवड्यात सांगलीला गेलो. मामी आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत, पण नजर शाबूत. टीव्हीला लॅपटॉप जोडला. उलटं टांगून पाणी भरण्याच्या सीनला कन्या टाळ्या पिटत होती. मामी म्हणाली, "तुझा आजा असाच व्हता तालमीत." मग म्हाताऱ्यानं बुधला तोंडाला लावला आणि मामीनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "ते जरा फुडं ढकल."

ढकललं. थोड्या वेळानं परत ढकललं. आता या पिक्चरमधून पिणं वगळलं तर राहतं किती? पण बाईच्या डावाला बरोबर थांबलो. मामी पदर तोंडाला लावून हसली. मारेकरी आडवा झाला आणि पिक्चर तिथल्या तिथे, कुणी वायर उपटावी तसा संपला. तो तसाच संपतो.

"मग पोरानं दारू सोडली का?" मामीनं विचारलं.

म्हटलं, मामी, ते दुसऱ्या भागात आहे, थोडंफार.

"मग त्यो लाव की."

लॅपटॉपमध्ये नव्हता. दिवाळीत घेऊन येतो म्हणून सांगून आलोय. मूळ शेवट असलेली प्रत शोधतो आहे, कुणाकडे असेल तर कळवा.