प्रभावी आणि अप्रभावी गुण

प्रत्येक जनुकाच्या बहुधा दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही वेगळ्या निघाल्या तर जिचा परिणाम दिसतो तिचा गुण प्रभावी आणि जो झाकला जातो तो अप्रभावी. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावरचे आपले प्रयोग १८६६ साली छापले. संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याने गोल दाणे ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५० मोजले, म्हणजे जवळपास तिनास एक. शाळेत हे पाठ होते आणि त्यासोबत एक गैरसमजही रुजतो, की प्रभावी जनुक बलवान आणि अप्रभावी दुबळे. वास्तविक हे शब्द जनुकाचा जोर सांगत नाहीत. आपण काय तपासतो आहोत, त्यावर उत्तर बदलते. मेंडेलचा गोल दिसणारा संकरित दाणासुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यातले पिठाचे कण दोन्ही वाणांच्या अधलेमधले दिसतात.

अमळनेरकरांना याचा पुरावा तापीपलीकडेच सापडेल. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे जनुक बऱ्याच प्रमाणात आहे. अकराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात एकच अक्षर बदलते, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या (एसएस) तर आजार होतो. एकच असली (एएस) तर माणूस वाहक असतो आणि सहसा त्याला काही त्रास नसतो. म्हणजे आजार म्हणून पाहिले तर गुण अप्रभावी. आता सोल्युबिलिटी चाचणी घ्या. रक्ताचा थेंब द्रावणात टाकून नळीमागे रेघांचा कागद धरतात. निरोगी रक्तातून रेघा स्वच्छ दिसतात, एएस आणि एसएस दोन्हींत द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा होतात. इथे तोच गुण प्रभावी ठरला! विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर वाहकाचे ए आणि एस असे दोन पट्टे शेजारीशेजारी उमटतात, म्हणजे दोन्ही सहप्रभावी. माणूस तोच, जनुक तेच, उत्तरे मात्र तीन.

मग हे शब्दच टाकून द्यावेत, असे कोणी म्हणेल. तसे केले तर लग्नाआधी सल्ला विचारायला आलेल्या जोडप्याला सांगायचे काय? दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची, दोन एएसची आणि एक निर्दोष मुलाची. हा हिशेब आजाराच्या पातळीवरचा अर्थ धरूनच मांडता येतो. तो चुकतो तो ‘प्रत्येक’ या शब्दापाशी. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नसते. दरवेळी फासे नव्याने पडतात. शिवाय एसएस म्हटल्यावर सगळ्यांचे दुखणे सारखे, असेही नाही. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही अधिक टिकते आणि त्यांचा त्रास काहीसा सौम्य राहतो. सरसकट सौम्य मात्र मानू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतके घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलेच कसे? एक उत्तर हिवतापात आहे. वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे ए. सी. ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत १९५४ साली दाखवले. म्हणून हे जनुक जातीचा नव्हे, तर पूर्वीच्या हिवतापाचा माग सांगते. अरबस्तानात आणि ग्रीसमध्येही ते आढळते. दुसरे उत्तर साध्या गणिताचे. समजा, दहात एक जण वाहक आहे आणि लग्ने पाहून-सवरून होत नाहीत. मग शंभरात एका जोडप्यात दोघेही वाहक निघतील आणि चारशे जन्मांमागे एक मूल आजारी. त्याच चारशेंत वाहक मात्र चाळीसच्या आसपास. रुग्ण दुखण्यामुळे कधी ना कधी दवाखान्यात पोचतो. हे चाळीस जण धडधाकट शेतात राबत असतात आणि तपासणीवाचून कोणाच्या लक्षातही येत नाहीत.