गर्भजलातील प्रतिकार निर्देशक आणि अकाली प्रसूती

गर्भजलातील प्रतिकार निर्देशक म्हणजे गर्भाभोवतीच्या द्रवात आढळणारे व रोगप्रतिकार यंत्रणा सक्रिय झाल्याचे दर्शवणारे घटक होत. अकाली प्रसूतीमागील दाह ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेल्या प्रसूतीस अकाली प्रसूती म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अकाली जन्मली. आपोआप सुरू होणाऱ्या अकाली प्रसूतीची कारणे अनेक असली, तरी गर्भजलातील दाह हे त्यांपैकी एक सुस्पष्ट कारण मानले जाते.

दाहाची प्रक्रिया

योनिमार्गातील जीवाणू गर्भाशयमुखातून वर चढून गर्भजलात पोहोचू शकतात. युरियाप्लाझ्मा आणि मायकोप्लाझ्मा हे त्यांत वारंवार आढळतात. गर्भावरणातील पेशी जीवाणूंचे घटक ओळखून इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि टीएनएफ-अल्फा ही सायटोकाइन द्रव्ये स्रवतात. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती वाढून गर्भाशयाचे आकुंचन सुरू होते. त्याच वेळी एमएमपी गटातील विकरे कोलॅजन तंतूंचे विघटन करतात. परिणामी गर्भाशयमुख मऊ पडते व गर्भावरण फुटण्याची शक्यता वाढते.

काही स्त्रियांच्या गर्भजलात दाह असूनही जीवाणू सापडत नाहीत. यास निर्जंतुक दाह म्हणतात. इजा झालेल्या पेशींतून बाहेर पडणारे धोकासूचक रेणू हे त्याचे एक कारण आहे.

प्रमुख निर्देशक

* इंटरल्यूकिन-६ : प्रति मिलिलीटर २.६ नॅनोग्रॅम किंवा अधिक पातळी दाहाची निदर्शक मानतात.
* एमएमपी-८ : प्रति मिलिलीटर २३ नॅनोग्रॅमहून अधिक पातळी दाह दर्शवते.
* पांढऱ्या पेशी : प्रति घन मिलिमीटर ५० किंवा अधिक.
* ग्लुकोज : हा प्रतिकार घटक नसला, तरी प्रति डेसिलीटर १४ मिलिग्रॅमहून कमी पातळी संसर्गाचा संशय वाढवते.

जीवाणू संवर्धन चाचणीस काही दिवस लागतात. युरियाप्लाझ्माला पेशीभित्तिका नसल्याने तो ग्राम रंजनात दिसत नाही. त्यामुळे लवकर निष्कर्ष देणाऱ्या निर्देशकांना महत्त्व आहे.

गर्भावरील परिणाम

दाह गर्भापर्यंत पोहोचल्यास नाळेच्या रक्तातही इंटरल्यूकिन-६ वाढते. अशा बालकांत फुफ्फुसांचे दीर्घकालीन विकार आणि मेंदूच्या श्वेतद्रव्यास इजा होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून कळा थांबवून गर्भारपण लांबवणे प्रत्येक वेळी हिताचे ठरत नाही.

चाचणी व मर्यादा

सोनोग्राफीच्या साहाय्याने पोटातून सुई घालून गर्भजलाचा नमुना घेतला जातो. ही प्रक्रिया शरीरात शिरकाव करणारी असल्याने सर्व गर्भवतींची सरसकट चाचणी केली जात नाही. गर्भलिंगनिदानासाठी गर्भजल चाचणीचा गैरवापर झाल्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि भारताने १९९४ मध्ये त्यावर निर्बंध घालणारे कायदे केले.

निदान झाले तरी उपचार सोपा नसतो. गर्भावरण शाबूत असताना अकाली कळा सुरू झालेल्या ६,००० हून अधिक स्त्रियांवरील 'ओरॅकल' चाचणीत (२००१) सरसकट प्रतिजैविके दिल्याने लाभ दिसला नाही. या चाचणीतील बालकांच्या २००८ मधील पाठपुराव्यात, ज्यांच्या मातांना प्रतिजैविके दिली होती त्या बालकांत मेंदूजन्य पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले. त्यामुळे ज्यांच्या गर्भजलात खरोखर संसर्ग आहे अशाच स्त्रियांची नेमकी निवड करणे, हा या निर्देशकांवरील संशोधनाचा महत्त्वाचा हेतू आहे.