लोणार विवर आणि चांद्र संशोधन
महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यातील बेसाल्ट खडकातील आघात विवर; चांद्रविवरांच्या अभ्यासातील तुलनास्थळ.

उत्पत्ती : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांवर (पहा : दख्खन ट्रॅप) अशनी आदळून निर्मिती. वयाचे अंदाज सुमारे ५२ हजार ते ५.७ लाख वर्षे.

वैशिष्ट्ये : व्यास सुमारे १.८ किमी., काठापासून खोली सुमारे १५० मी.; तळाशी खारे, अल्कधर्मी सरोवर. आघातजन्य काच व मॅस्केलिनाइट (आघाताने काचरूप झालेले फेल्डस्पार) आढळतात.

महत्त्व : समानव चांद्रमोहिमांनी (१९६९–७२) सुमारे ३८२ किग्रॅ. नमुने आणले (पहा : अपोलो कार्यक्रम). चंद्रावरील ‘सागर’ (गडद मैदाने) हेही बेसाल्टचेच असल्याने त्या नमुन्यांतील आघातखुणांशी लोणारच्या खडकांची तुलना करता येते. आघातजन्य उत्पत्तीचे पुरावे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. संवर्धनाबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश दिले आहेत. २०२० पासून रामसर स्थळ (पहा : पाणथळ जागा).