सोलापूरच्या धुराची गोष्ट

चुलीच्या धुराबद्दल आपण सगळ्याच बोलतो. आज रस्त्यावरच्या धुराबद्दल बोलू. आणि तेही आपल्या सोलापूरच्या, कारण या धुराला आपल्या शहरात मोठा इतिहास आहे.

1860 साली आगगाडी सोलापूरला पोचली, तीही कोळशावरची. 1877 साली जुनी मिल सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा मिल उभ्या राहिल्या. भोंग्यावर शहर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. आमच्या गटातल्या थोरल्या मावशी सांगतात, चिमणीतून धूर निघतोय म्हणजे घरात पगार येणार, एवढंच आम्हाला कळायचं. मिल एकेक करून बंद पडल्या तेव्हा धूरही थांबला आणि चुलीही थंडावल्या. म्हणूनच धुराला वाईट म्हणताना आपली जीभ आजही अडखळते.

पण चिमणीचा धूर निदान उंचावर सुटायचा. गाडीचा धूर खाली सुटतो, बरोबर लेकरांच्या तोंडापाशी.

त्या धुरात असतं काय? एक म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या आधी जाऊन चिकटतो. आपल्यातल्या कितीतरी जणींचं रक्त आधीच कमी असतं. त्यात हा वाटेकरी आला की दम लागणारच. दुसरे म्हणजे बारीक कण. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही ते बारीक असतात, फुप्फुसात खोल जातात आणि काही रक्तातही उतरतात. त्यांनी दमा वाढतो, हृदयाला त्रास होतो, गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरू शकतं. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं.

पूर्वी यात शिसंही होतं. इंजिन ठोके मारू नये म्हणून पेट्रोलमध्ये ते मिसळायचे. शिसं मुलांच्या मेंदूला घातक. आपल्या देशात 2000 साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. म्हणजे आज पंचविशीच्या पुढे असलेल्या आपण सगळ्या लहानपणी ती हवा ओढूनच मोठ्या झालो.

आता आमच्याच गटाची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात आम्ही एका सदस्य ताईंच्या घरी जुन्या रिक्षासाठी कर्ज दिलं. हप्ते वेळेवर येत होते, आम्ही खूश होतो. पुढे कळलं, पेट्रोल परवडत नाही म्हणून रिक्षात रॉकेल मिसळलं जात होतं. रिक्षा दिवसभर पांढरा धूर सोडायची. त्याच रिक्षातून आमची पोरं शाळेत जायची. पैसा आमचा, धूर आमचा आणि खोकलाही आमचाच. ताईंना तरी काय बोलणार? रॉकेल घातलं नसतं तर हप्ता थकला असता. त्यानंतर वाहनाच्या कर्जाला आम्ही दोन अटी घातल्या. पीयूसी चालू पाहिजे आणि रॉकेल नाही. त्या बदल्यात हप्ता थोडा लहान केला.

आता आपल्या शहराच्या नावाची गोष्ट. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या बारीक धुळीवरून काही शहरांची नावं घेतली आणि तिथे उपाययोजना करायला सांगितलं. मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, कानपूर, लखनौ आणि त्यांच्या रांगेत आपलं सोलापूर! चादरीसाठी नाव झालेलं आपलं शहर धुळीसाठीही दिल्लीपर्यंत पोचलं. त्यामुळेच 1 एप्रिल 2010 ला भारत स्टेज चारचं स्वच्छ इंधन आणि नव्या गाड्यांचा कडक नियम देशात आधी ज्या 13 शहरांत आला, त्यांत सोलापूर होतं. आधीच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत 350 भाग चालायचं, ते 50 वर आलं.

मग धूर का गेला नाही? कारण नियम शहराला होता, रस्त्याला नव्हता. पुण्याहून हैदराबादला, विजापूरहून धुळ्याकडे जाणारे ट्रक सोलापुरावरूनच जातात. त्यांचं डिझेल बाहेरचं, नोंदणी बाहेरची. जुन्या गाड्याही चालूच राहिल्या. तो नियम सगळ्या देशाला लागू व्हायला 2017 उजाडलं. 2020 पासून भारत स्टेज सहा आलं, गंधक 10 भागांवर आलं. तरी 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचं नाव आहेच.

मैत्रिणींनो, रस्त्याकडेच्या घरात दार उघडं टाकून दिवसभर सुपात विड्या वळणाऱ्या आपल्या बहिणी आठवा. तंबाखूची धूळ आतून, डिझेलचा धूर बाहेरून. त्या गाडीत बसत नाहीत, पण धुराचा वाटा सगळ्यात मोठा त्यांचाच.

आपल्या हातात काय आहे? ओढणीने तोंड बांधल्याने धूळ अडते, बारीक कण अडत नाहीत, एवढं ध्यानात ठेवू. सिग्नलला आणि शाळेच्या दारात गाडी बंद करायला सांगू. पोरांच्या रिक्षाची पीयूसी विचारू, त्यात लाज नाही. संध्याकाळी गर्दीच्या वेळी रस्त्याकडचं दार लोटून मागचं उघडू. आणि वॉर्डाच्या सभेत जड वाहतुकीच्या वेळा आणि झाडं, हे दोन विषय दर वेळी काढू.

मिलच्या धुरात आपल्या सासू-आजींनी भाकरी पाहिली, त्यांचं चुकलं नाही. पण या धुरात आपली भाकरी नाही. फक्त आपल्या पोरांचा श्वास आहे. तो मागून घ्यायला आपण एकत्र येऊ.