नोकरीचा दर्जा आणि घराची मालकी : मुंबईच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शहरातील घर ही निवाऱ्याची गरज असते, तशीच ती सामान्य कुटुंबाची आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूकही असते. ही गुंतवणूक कोणाला करता येते, याचे उत्तर सामान्यतः उत्पन्नाच्या आकड्यात शोधले जाते. तथापि, स्वातंत्र्योत्तर काळातील गृहवित्त व करव्यवस्था यांचा इतिहास पाहता, उत्पन्न किती आहे यापेक्षा ते कोणत्या नात्याने मिळते आणि त्याचा कागदोपत्री पुरावा आहे काय, ही बाब अनेकदा अधिक निर्णायक ठरल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या संदर्भात या बाबीचा आढावा घेतला आहे.

हजेरीपट व घर

१९५२ साली केंद्र शासनाने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माण योजना सुरू केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली येणारा कामगार हा तिचा प्रमुख लाभार्थी होता. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीतूनही सभासदाला घरासाठी रक्कम काढण्याची सोय मिळाली. अशा रीतीने घराची संधी हजेरीपटाशी जोडली गेली. गिरणगावात त्याच कामगाराला जेवू घालणारी खानावळवाली बाई मात्र श्रम करूनही या चौकटीबाहेर राहिली.

वेतनचिठ्ठी व कर्ज

१९७७ साली हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी ही संस्था स्थापन झाली आणि मध्यमवर्गीयांना संस्थात्मक गृहकर्जाचा मार्ग खुला झाला. १९८८ साली राष्ट्रीय आवास बँकेची स्थापना झाल्यावर या क्षेत्राला नियामक चौकट लाभली. भावी उत्पन्नाच्या भरवशावर दीर्घ मुदतीचे कर्ज देताना दरमहा मिळणारे वेतन हा धनकोच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा पुरावा होता. व्यावसायिकाला मात्र काही वर्षांची आयकर विवरणपत्रे व हिशेबपत्रके सादर करावी लागत. कर वाचविण्यासाठी कमी उत्पन्न दाखविणाऱ्या दुकानदाराची कर्जपात्रताही त्याच प्रमाणात घटत असे. ज्याच्याकडे कागदच नव्हता, त्याच्यापुढे पतपेढी, भिशी, दागिने गहाण ठेवणे किंवा सावकार हेच पर्याय उरत.

करसवलतींचे स्वरूप

आयकर अधिनियम, १९६१ अन्वये स्वतःच्या राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट नोकरदार व व्यावसायिक दोघांनाही खुली होती. तिची मर्यादा २००१ मध्ये दीड लाख व २०१४ मध्ये दोन लाख रुपये झाली. परंतु कर्ज मिळाल्याखेरीज व्याज नाही आणि व्याजाखेरीज वजावट नाही. त्यामुळे कायद्यातील समानता व्यवहारात अपुरी ठरली. भाड्याच्या घराबाबत तर कायद्यातच भेद होता. वेतनातील घरभाडे भत्त्यावर नोकरदाराला सूट मिळे. असा भत्ता नसलेल्यांसाठी वेगळी वजावट होती, पण तिची मर्यादा २०१६ पर्यंत दरमहा अवघी २,००० रुपये होती. उलटपक्षी, व्यवसायासाठी वापरलेल्या स्वतःच्या इमारतीवरील घसारा व कर्जाचे व्याज व्यावसायिकाला खर्च म्हणून दाखविता येई. २०२० साली आलेल्या पर्यायी करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची व घरभाड्याची सवलत वगळण्यात आली.

तुटलेली नोकरी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांपैकी असंख्य कामगार पुन्हा कामावर परतू शकले नाहीत. वेतन थांबले आणि त्याबरोबर घर घेण्याची पतही संपली. गिरण्यांच्या जमिनींची किंमत मात्र वाढत गेली. दीर्घ लढ्यानंतर २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली. पात्रतेसाठी १९८२ च्या सुमारास गिरणीत नोकरीस असल्याचा पुरावा आवश्यक होता. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार तेव्हा साठीत पोहोचला होता. गेलेल्या नोकरीचा जुना कागद तीस वर्षांनी घराचा आधार ठरला. ज्यांना तो जपता आला नाही, त्यांना आपण कामगार होतो हेच सिद्ध करणे कठीण झाले.

निष्कर्ष

हजेरीपट, वेतनचिठ्ठी व विवरणपत्र ही केवळ कार्यालयीन कागदपत्रे नव्हेत. शहरात कोणाला स्थिर निवारा मिळावा हे ठरविण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला आहे. ज्यांच्या श्रमाची नोंद झाली नाही, त्यांच्या परतफेडीच्या क्षमतेचीही नोंद झाली नाही. म्हणूनच गृहवित्ताचा इतिहास हा श्रमाच्या नोंदीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.